नेमाचं ताट

मी देव मानत नाही, पण कांदेनवमी मानतो. आषाढातल्या त्या दिवशी आमच्या घरी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ आणि भरली वांगी असा बेत असतो, आणि तो शास्त्राला धरून असल्यामुळे माझ्या कोलेस्टेरॉलचं नाव काढायची कुणाची छाती होत नाही. दोन दिवसांनी चातुर्मास लागतो. पुढचे चार महिने कांदा, लसूण, वांगं वर्ज्य, म्हणून आधीच हात मारून घ्यायचा. संयमाच्या तयारीसाठी इतकी खादाडी करणारी माणसं जगात आणखी कुठे असतील तर मला माहीत नाही.

काल ती झाली. मंदा, म्हणजे माझी बायको, भजी तळत होती. कसब्याच्या गल्लीत पाऊस बारीक लागून राहिला होता. खालून तांबटांच्या हातोड्यांचा आवाज येत होता, ओल्या हवेत तो जरा दबलेला वाटतो. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच वाफेने पांढरी झाली होती.

"परवापासून हे सगळं बंद," मंदा म्हणाली.

"तुझं," मी म्हणालो.

हा संवाद आमच्याकडे दरवर्षी होतो आणि त्यात कुणी एक अक्षरही बदलत नाही. पण काल तो झाल्यावर दोघांनाही एकच गोष्ट आठवली. एका वर्षी हे बोलायला मंदा इथे नव्हती.

त्याला आता सहा वर्षं होतील. बंगळुरूला आमच्या मुलीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. मंदा आषाढ लागता लागता तिकडे गेली ती बाळंतपण उरकूनच येणार होती. जाताना तिने मला कुकर लावायला शिकवला, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि 'जमेल हो तुम्हाला' असं ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात मी नापास होणाऱ्या मुलांच्या आईवडिलांशी बोलत असे. तीस वर्षं मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. पाणी किती अंशांना उकळतं हे मला झोपेतही सांगता येतं, पण त्यात तांदूळ कधी टाकायचे हे अभ्यासक्रमात नव्हतं. पहिल्या आठ दिवसांत मी एक कुकर जाळला आणि एकदा साखरेची आमटी केली. चिठ्ठी ओलाव्याने गळून पडली होती, यात माझा दोष नाही.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर इंदूताई राहत. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. यजमान जाऊन चारेक वर्षं झाली होती, आणि मुलगा खराडीला संगणकाच्या कंपनीत. तो 'आई, इकडे ये' म्हणायचा आणि त्या 'येते रे, गणपती होऊ दे' म्हणायच्या. कुठले गणपती ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बारीक अंगकाठी, नऊवारी नाही, साधी पाचवारी, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला, आणि बोलणं असं की सुपारी कातरावी.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बाराच्या सुमाराला दारावर टकटक झाली. इंदूताई हातात झाकलेलं ताट घेऊन उभ्या होत्या. एक मजला चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"सर, वरून जळका वास येतो रोज. आम्हाला झोप लागत नाही दुपारची. आजपासून हे घ्यायचं."

ताटात वरणभात, लिंबाची फोड, भोपळ्याची भाजी, दोन पोळ्या, चमचाभर पंचामृत. मी तोंडदेखलं नको नको म्हणालो. पुण्यात तेवढं म्हणावं लागतं. मग दार लावून ताटावर तुटून पडलो.

त्या दिवसापासून रोज बाराला टकटक. मी देवाधर्माच्या बाबतीत कोरडा पाषाण, पण त्या वर्षी पंचांग मला जिभेने पाठ झालं. नागपंचमीला पुरणाचे दिंड आले, त्यावर तूप असं सोडलेलं की वाफेबरोबर जिन्यात वास उतरावा. शुक्रवारी पुरण. पौर्णिमेला नारळीभात, त्यात लवंग दाताखाली आली की डोळे आपोआप मिटायचे. मंदा फोनवर सांगायची, "ताट रिकामं परत देऊ नका, काहीतरी घाला त्यात." मी दोन केळी घालायचो, नाहीतर मंडईतून आणलेलं एखादं सीताफळ. मी ताट घासून दिलं की इंदूताई ते उजेडाकडे धरून बघायच्या. "घासता बरं," असं एकदाच म्हणाल्या. ते प्रशस्तिपत्र मी मंदाला फोन करून सांगितलं.

मला वाटत होतं, ही माझ्यावरची माया आहे. एकट्या पडलेल्या शेजाऱ्याची दया आली असेल, मंदाशी असलेली जुनी मैत्री असेल, झालंच तर आपल्या स्वभावाचा गोडवाही असेल. आणि मनातल्या मनात मी एक सिद्धांत मांडला होता: बघा, माणुसकीला देवाची गरज पडत नाही. हा सिद्धांत मी निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर मांडलाही होता, पुरावा म्हणून नारळीभाताचा दाखला देऊन.

एका रविवारी मंदाचा फोन आला. मी जेवणाचं कौतुक सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, त्यांचा नेम असतो चातुर्मासाचा. रोज एका माणसाला जेवू घालायचं. दरवर्षी कुणीतरी शोधावं लागतं बिचाऱ्यांना. यंदा तुम्ही सापडलात."

सापडलात! मी फोन ठेवला. म्हणजे हे ताट माझ्यासाठी नव्हतंच. ते देवासाठी होतं, मी फक्त मधला. कुणी गाईला घास घालतं, कुणी मुंग्यांना साखर, आणि इंदूताई निवृत्त शिक्षकाला पोळी. त्यांच्या पुण्याच्या खात्यावर मी रोज जेवत होतो आणि वर स्वतःच्या गोड स्वभावाचं कौतुक करून घेत होतो. आता लिहिताना हसू येतं, पण त्या दिवशी मला खरोखर अपमान वाटला होता. 

आपल्याकडे माणसाला राग आला की तो भांडत नाही, पाटी लावतो. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, ठळक अक्षरांत लिहिलं: 'यापुढे ताट आणू नये. सोय झाली आहे. आभारी आहे.' आणि दाराला चिकटवलं. 'आभारी आहे' लिहिताना आपण किती सुसंस्कृत आहोत असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी अकरालाच मी बाहेर पडलो. समोरासमोर व्हायची हिंमत नव्हती, हे खरं कारण. तिखटजाळ मिसळ खाल्ली, वर जास्तीचा पाव, वर ताक. मग वाचनालयात जाऊन पेपर चाळत बसलो. तिथला पंखा ओल्या छत्र्यांचा वास खोलीभर फिरवत होता. चारच्या सुमाराला घरी आलो.

पहिल्या मजल्यावर इंदूताईंचं दार सताड उघडं. दारातच खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या. मांडीवर हात, हात थरथरत होते, आणि कपाळावर घाम. आत टेबलावर झाकलेलं ताट तसंच.

"अहो इंदूताई, काय होतंय?"

"काही नाही. जरा गरगरतंय. गोळी घेतली ना सकाळी साखरेची."

"आणि जेवलात कधी?"

त्यांनी पदराने कपाळ टिपलं. मी पुन्हा विचारलं, शाळेतल्या आवाजात. तेव्हा हळूच म्हणाल्या, "कुणी मिळालंच नाही हो सर."

तिथे उभ्या उभ्या, त्यांच्या तुटक बोलण्यातून, मला कळलं ते मंदालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याला जेवू घालायचा हा त्यांचा नेम अर्धाच होता. उरलेला अर्धा असा, की त्याच्या पोटात घास जाईपर्यंत आपण अन्नाला शिवायचं नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर माणूस दयेपोटी जेवतो, आणि ते त्यांना नको होतं.

बाराला त्या ताट घेऊन वर आल्या, पाटी वाचली, खाली गेल्या. शंका घेतली नाही, राग दाखवला नाही. पुण्यात लिहिलेलं खोटं असेल असं कुणाला वाटत नाही. मग त्यांनी दुसरं माणूस शोधायला सुरुवात केली. खालच्या तांबटांना विचारलं. फुलवाल्या बाईंना विचारलं. समोरच्या शिंप्याला विचारलं. प्रत्येकाने हात जोडले, कारण तो श्रावणी सोमवार होता. सगळ्यांचे उपास, संध्याकाळी सुटणारे. अख्ख्या आळीत त्या दिवशी उपास नसलेला एकच नास्तिक होता, आणि तो मिसळ हाणायला गेला होता.

"आधी साखर तोंडात टाका," मी म्हणालो. "नेम-बिम नंतर बघू."

"नाही."

"अहो, हे जिवावर बेतेल!"

"मग तुम्ही बसता का ताटावर?" त्या म्हणाल्या. आवाज थरथरत होता, पण सूर तोच. "पहिला घास गेला तुमच्या पोटात की माझं झालं."

मी चपला काढल्या, हात धुतले आणि बसलो. पोटात मिसळ, पाव आणि ताक. समोर गार झालेला भात. मी घास उचलला आणि गिळला. आयुष्यात कुठल्याही नैवेद्याकडे मी इतक्या गांभीर्याने पाहिलेलं नाही. तो गिळल्यावर मी डबा शोधून साखर पाण्यात ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. थोड्या वेळाने त्यांच्या हातांची थरथर थांबली. त्यांनी आपलं पान वाढून घेतलं आणि माझ्यासमोर बसून जेवायला लागल्या. मग मी ते ताट पूर्ण संपवलं. त्याची गरज नव्हती, एक घास पुरला असता. पण उठवेना.

मी त्यांना एवढंच म्हणालो, "पाटी चुकीची होती." त्या म्हणाल्या, "अक्षर चांगलं होतं."

त्या संध्याकाळी मी पाटी काढली आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला खाली जायला लागलो. गुडघे त्यांचे दुखायचे आणि ताट त्या वर आणायच्या, यातला मूर्खपणा आधी माझ्या लक्षात यायला हवा होता. चारसहा दिवस गेल्यावर मी धीर करून विचारलं, "इंदूताई, खरं सांगा. हे तुम्ही माझ्यासाठी करता की देवासाठी?"

त्या ताकाला फोडणी देत होत्या. जिरं तडतडायचं थांबल्यावर म्हणाल्या,

"सर, तुम्ही माणूस बरे आहात. पण रोज उठून मला तुमचं प्रेम थोडंच येतं? परवा तुम्ही पाटी लावलीत, तेव्हा तर चांगलाच राग आला होता. काही दिवस गुडघा ठणकतो. काही दिवस नुसता कंटाळा. ज्या दिवशी माया असते त्या दिवशी देव कशाला लागतो? त्या दिवशी कुणीही वाढेल. नेम लागतो तो उरलेल्या दिवसांसाठी."

मी कोशिंबिरीत उगाच चमचा फिरवत राहिलो.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी वर्षभर चहा आणि खारीवर काढलं. एकटीसाठी कोण कणीक भिजवतं हो? डॉक्टरांनी उपास बंद केले. चातुर्मासात काहीच करायचं नाही म्हणजे मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. म्हणून हा नेम घेतला. दुसऱ्याला घातल्याशिवाय खायचं नाही म्हटलं, की दुसऱ्यासाठी का होईना, स्वयंपाक होतो."

"नेमाला कोणीही चालतं? जातपात, सोवळं?"

"सासूबाई असत्या तर नसतं चाललं. मला भुकेला असला की पुरे." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तुम्ही देव मानत नाही, तेसुद्धा चालवून घेतलंच ना?"

मी आयुष्यभर माणुसकीवर भाषणं दिली. ती खोटी नव्हती. पूर आला, कुणाचं घर जळालं, की माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि मी मदतीला धावतो. पण त्या दुपारी मी प्रामाणिकपणे हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, की माझी मदत माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर अवलंबून होती. पाणी आटलं की मदत आटली. पुराला आठवडा झाला की मी पुन्हा माझ्या पेपरात. ज्यांचं घर वाहून गेलं त्यांना आठव्या दिवशीही भूक लागत असणार, हे मला ठाऊक होतं. फक्त आठव्या दिवशी मला वाईट वाटत नव्हतं.

श्रद्धेने माणूस आपोआप दयाळू होतो असं मी अजूनही म्हणणार नाही. देवळाच्या पायऱ्यांवर गाईला पुरणपोळी घालून, त्याच पायऱ्या झाडणाऱ्या बाईवर खेकसणारे गृहस्थ मी याच पेठेत पाहिलेले आहेत. संगमरवरावर नाव कोरल्याशिवाय ज्यांच्या हातून दमडी सुटत नाही, तेही पाहिले. आणि देवाचं नाव न घेता जन्मभर लोकांसाठी राबलेली माणसंही मला ठाऊक आहेत. त्यांनी स्वतःचा काहीतरी नेम मनाशी बांधलेला असणार, तो मी कधी विचारला नाही. इंदूताईंचा देव मात्र मला आवडला. तो त्यांना स्वर्गाचं आमिष दाखवत नव्हता. तो फक्त रोज अकराला त्यांना ओट्यापाशी उभं करत होता.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली, आणि ती कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. घेणारा नसेल तर देणारा उपाशी राहतो. त्या सोमवारी मी घेतलं नाही, आणि एक बाई माझ्यामुळे भोवळ येईपर्यंत उपाशी बसली. 'मला कुणाचे उपकार नकोत' हे वाक्य मी ताठ मानेने किती वेळा म्हटलं असेन. ते म्हणताना आपण कुणाचं ताट ढकलतोय याचा विचार एकदाही केला नव्हता.

भाद्रपद आला. ऋषीच्या भाजीत अंबाडी आणि माठ एकमेकांत मुरलेले, गल्लीत ढोलांचा सराव, आणि आम्ही दोघं वाऱ्याने खिडकी आपटली तरी न उठता जेवत बसलेलो. आश्विनात पाऊस उघडला आणि टेबलावर उन्हाचा चौकोन पडायला लागला. कार्तिकात मंदा नातीचे फोटो घेऊन परत आली. माझं पोट बघून म्हणाली, "हा एकट्या राहिलेल्या माणसाचा अवतार?" इंदूताईंनी शेवटच्या दिवशी मला पाटावर बसवून ओवाळलं आणि हातावर नारळ ठेवला. वयाने मोठ्या बाईने आपल्याला नमस्कार करू नये म्हणून मी घाईघाईने वाकलो आणि आमची डोकी आपटली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचे ते गणपती एकदाचे झाले. गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलाने त्यांना खराडीला नेलं. चौदावा मजला, काचेच्या मोठ्या खिडक्या, खाली कारंजं. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्या सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या, पाहुण्यासारख्या. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात, तिकडेच जेवतात.

"चातुर्मास जवळ आला सर," त्या म्हणाल्या. "इथे सगळ्यांची पोटं भरलेली. शेजारची दारं बंद. खालच्या वॉचमनला ताट दिलं, तर सोसायटीची चिठ्ठी आली की नियमात बसत नाही."

कामाला येणाऱ्या शोभाबाईंनी प्रश्न बराचसा सोडवला. त्या आता इंदूताईंबरोबर बसून जेवतात, आणि शनिवार-रविवार मुलगा-सून घरी असतात. राहिला गुरुवार. त्या दिवशी शोभाबाईंची सुटी.

"गुरुवारी काय करणार?" मी विचारलं.

"बघू. एक दिवस नाही जेवलं तर काय होतं?"

काय होतं ते मी पाहिलेलं होतं.

तर गेल्या वर्षीपासून चातुर्मासात मी दर गुरुवारी जेवायला खराडीला जातो. मेट्रोने रामवाडी, पुढे रिक्षा. जायला दीड तास, यायला दीड तास, मध्ये वरणभात. मंदाला त्यात काही विशेष वाटत नाही, कट्ट्यावरच्या मित्रांना फार वाटतं. "तू कधीपासून रे चातुर्मास करायला लागलास?" असं ते विचारतात. मी म्हणतो, मी फुकट जेवायला जातो.

गेल्या भाद्रपदातला एक गुरुवार. सर्दीने डोकं जड झालेलं, पाठीत उसण, बाहेर पाऊस असा की समोरची इमारत दिसेना. मी दोनदा फोन हातात घेतला. 'आज जमणार नाही' म्हटलं असतं तर त्या 'राहू द्या सर, तब्येत सांभाळा' म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं माहीत होतं. आणि त्यानंतर त्या काय करतील तेही माहीत होतं. मनात ना दया होती ना माया. फक्त अंथरूण हवं होतं. मी रेनकोट चढवला.

दार उघडायला त्यांना वेळ लागला. अंगावर शाल, डोळे लाल.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते, आज तुम्ही नाही आलात तर बरं. सकाळपासून अंगात कणकण आहे."

"मग कळवायचं ना!"

"तुम्ही निघाला असाल म्हणून नाही कळवलं. तुम्ही तरी कशाला आलात असल्या पावसात?"

"तुम्ही रांधलं असेल म्हणून."

टेबलावर पिठलंभात होता. दुसरं काही करायचं त्राण नव्हतं त्यांच्यात. मी बसलो, पहिला घास घेतला. पिठलं खारट झालं होतं. समोर त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं, शाल सावरली आणि जेवायला लागल्या. काचेवर पावसाचं पाणी वाहत होतं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकं भरून आलं की नाक ओढायला सर्दीचं निमित्त बरं पडलं.

"खारट झालंय का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नका, चातुर्मास आहे."

"चातुर्मास तुमचा."

"हो का? मग दर गुरुवारी इथवर कोण येतं?"

मी आणखी थोडं पिठलं मागून घेतलं.